वयाचा आकडा आणि क्षीणतेची श्रेणी

"वडील आता थकले," असे मराठी माणूस म्हणतो तेव्हा त्याला श्रमाने आलेला थकवा अभिप्रेत नसतो. श्रमाचा थकवा रात्रीच्या झोपेने उतरतो. हे थकणे उतरत नाही. उलट पंच्याऐंशी वर्षांच्या एखाद्या आजीबाईंविषयी "अजून हातीपायी धड आहेत, हिंडत्याफिरत्या आहेत" असे सांगितले जाते, आणि तेथे वयाचा उल्लेख येतो तो केवळ आश्चर्यापुरता. वय आणि थकलेपण ही नेहमी बरोबरीने चालतात असे नाही, हा भेद बोलभाषेने फार पूर्वीच केला. वैद्यकाने तो मोजण्याजोगा केला तो मात्र गेल्या पाव शतकात. आणि त्याची खरी कसोटी लागली ती २०२० साली, कोविड-१९ च्या साथीत वृद्ध रुग्णांनी भरलेल्या अतिदक्षता विभागांत. या भेदाचा वैद्यकातील इतिहास आणि तो व्यक्त करण्यासाठी योजिलेल्या शब्दांचा इतिहास एकमेकांपासून वेगळे काढता येत नाहीत, असे साथीतील घटनांवरून दिसते.

प्रथम शब्दाचा विचार करणे सोयीचे होईल. इंग्रजीतील 'फ्रेल' हे विशेषण लॅटिन 'फ्रॅजिलिस', म्हणजे 'मोडण्याजोगे', या शब्दापासून जुन्या फ्रेंचच्या मार्गाने आले. त्यापासून झालेले 'फ्रेल्टी' हे नाम कित्येक शतके शरीराच्या दुबळेपणाइतकेच मनाच्या व शीलाच्या दुबळेपणालाही लावले जात असे. आपल्याकडे 'भंगुर' या शब्दात हीच मोडण्याची कल्पना आहे. परंतु तो शब्द आपण आयुष्याला लावतो, माणसाला लावत नाही. 'अशक्त' म्हणावे तर विषमज्वरातून उठलेला तरुणही अशक्त असतो. 'दुर्बल' हा शब्द आर्थिक स्थितीकडे गेला आहे. 'जर्जर' हा शब्द अर्थाने सर्वांत जवळचा. 'जॄ' म्हणजे झिजणे, जीर्ण होणे, या धातूपासून 'जरा' व 'जर्जर' हे दोन्ही शब्द आले. ग्रीकमधील 'गेरोन', म्हणजे म्हातारा, हा शब्दही याच मूळ इंडो-युरोपीय धातूचा. इग्नाट्झ नॅशर याने १९०९ साली वृद्धांच्या वैद्यकाला 'जेरियाट्रिक्स' हे नाव ग्रीकमधून घडवून दिले, तेव्हा ते नकळत आपल्या 'जरे'चे चुलत भावंड ठरले. परंतु जर्जर म्हटले की अखेरची अवस्था डोळ्यांपुढे येते; त्या शब्दात पायऱ्या नाहीत. वैद्यकाला हवा आहे तो पायऱ्या असलेला शब्द. चंद्राच्या कला क्षीण होतात त्या एकेक करून; म्हणून पुढील विवेचनात 'क्षीणता' हा शब्द वापरला आहे.

वय हे बलाचे खात्रीचे माप नव्हे ही जाणीव वैद्यकात अगदीच नवी नाही. चरकसंहितेतील दशविध परीक्षेत वय ही एक बाब आहे आणि व्यायामशक्ती, म्हणजे शरीराची कष्ट सोसण्याची ताकद, ही दुसरी. दोहोंची नोंद वेगवेगळी घ्यावयाची आहे. एवढ्यावरून आधुनिक कल्पना चरकाला ठाऊक होती असे म्हणणे अनाठायी ठरेल. तशी विधाने आपल्याकडे वारंवार केली जातात आणि त्यांनी इतिहासाचे काहीच भले होत नाही. दोन गोष्टी वेगळ्या मानल्या होत्या, इतकेच म्हणता येते.

आधुनिक काळात या प्रश्नाला प्रत्यक्ष हात घातला तो इंग्लंडमधील मार्जरी वॉरेन या डॉक्टरबाईंनी. लंडनजवळच्या वेस्ट मिडलसेक्स रुग्णालयाकडे १९३५ साली शेजारच्या अनाथ-दरिद्र्यांच्या गृहातील रुग्णशाळा सोपविण्यात आली आणि तेथील ७१४ रुग्ण वॉरेनबाईंच्या देखरेखीखाली आले. त्यांपैकी बहुतेक वृद्ध. कित्येक वर्षानुवर्षे अंथरुणाला खिळलेले. त्यांच्याविषयी कोणी निदान केलेले नव्हते. 'असाध्य' हा शिक्काच निदानाच्या जागी बसला होता. वॉरेनबाईंनी प्रत्येकाला तपासले, वर्गवारी केली, उठवून बसविले, चालविले. आणि त्यांतील पुष्कळसे आपल्या पायांनी बाहेर पडले. वृद्धवैद्यकाच्या इतिहासात हा प्रसंग आरंभाचा म्हणून सांगितला जातो. प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने त्याचे महत्त्व निराळे आहे. अंथरुणाला खिळलेला हे रुग्णाच्या स्थितीचे वर्णन होते. संस्थेने ते त्याचे भवितव्य मानले होते. वर्णनाचे भवितव्यात होणारे हे रूपांतर पुढेही घडणार होते.

अतिदक्षता विभागाचा उगमही एका विषाणूच्या साथीतच झाला, पण तेथील रुग्ण वृद्ध नव्हते. १९५२ च्या उन्हाळ्यात कोपनहेगनमध्ये पोलिओची भीषण साथ आली. ब्लेगडॅम रुग्णालयात श्वसनाचे स्नायू लुळे पडलेली मुले व तरुण माणसे दररोज दाखल होत होती आणि रुग्णालयापाशी एक लोखंडी फुप्फुस व छातीवर बसविण्याची सहा यंत्रे एवढीच सामग्री होती. प्रथम ज्या ३१ रुग्णांना श्वसनाची मदत द्यावी लागली त्यांपैकी २७ दगावले. विभागप्रमुख लासेन यांनी ब्योर्न इब्सेन या भूलतज्ज्ञाला सल्ल्यासाठी बोलाविले. ऑगस्टच्या अखेरीस इब्सेन यांनी बारा वर्षांच्या एका मुलीच्या श्वासनलिकेला छिद्र पाडून, नळी बसवून, रबरी पिशवी हाताने दाबीत तिच्या फुप्फुसांत हवा भरली. मुलगी वाचली. मग सुमारे पंधराशे वैद्यकीय विद्यार्थ्यांनी पाळ्या लावून, अहोरात्र, आठवडेच्या आठवडे पिशव्या दाबल्या; मृत्यूचे प्रमाण निम्म्याहून खाली आले. पुढच्याच वर्षी, १९५३ च्या डिसेंबरात, इब्सेन यांनी त्याच शहरातील कम्यूनहॉस्पिटलमध्ये अशा रुग्णांसाठी स्वतंत्र विभाग उघडला.

या विभागाच्या मुळाशी असलेली कल्पना स्पष्ट होती: शरीर मुळात धडधाकट आहे, एक व्यापार तात्पुरता बंद पडला आहे, तो चालू होईपर्यंत यंत्राने किंवा माणसाच्या हाताने त्याची जागा घ्यावयाची. पोलिओच्या बारा वर्षांच्या मुलीला ती कल्पना तंतोतंत लागू पडते. पण पुढील अर्धशतकात पोलिओ लसीने हटला, आयुर्मान वाढले, आणि श्रीमंत देशांतील अतिदक्षता विभागांच्या खाटांवर सत्तरी-ऐंशी ओलांडलेली माणसे मोठ्या संख्येने दिसू लागली. यांच्या बाबतीत बंद पडलेला व्यापार एकच नसतो, आणि आजारापूर्वीचे शरीर 'मुळात धडधाकट' होते की नव्हते हाच खरा प्रश्न असतो. तो विचारण्याची रीत मात्र कोणापाशी नव्हती. रक्तदाब, प्राणवायू, मूत्रपिंडाचे कार्य यांचे आकडे दाखल झाल्याक्षणी मिळत. पंधरा दिवसांपूर्वी हा माणूस काय करीत होता याची नोंद कोठेच नसे. उरे ते वय. अंदाज करावयाचा तो वयावरून.

ही उणीव भरून काढण्याचे दोन मार्ग एकविसाव्या शतकाच्या आरंभी निघाले. अमेरिकेत लिंडा फ्रीड व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ साली, पासष्ट वर्षांवरील ५,३१७ व्यक्तींच्या निरीक्षणावरून, पाच लक्षणे निश्चित केली: नकळत घटलेले वजन, सततची ग्लानी, हाताच्या पकडीतील दुबळेपणा, चालण्यातील मंदगती आणि कमी झालेली हालचाल. यांपैकी तीन असली की माणूस क्षीण. एक किंवा दोन असली तर क्षीणतेच्या उंबरठ्यावर. ही रीत शास्त्रशुद्ध खरी, परंतु श्वासनळी घातलेल्या रुग्णाला चालवून वेळ कशी मोजणार? दुसरा मार्ग कॅनडातील हॅलिफॅक्स येथील केनेथ रॉकवुड यांचा. त्यांनी २००५ साली, कॅनडातील वृद्धांच्या आरोग्याच्या मोठ्या पाहणीतील २,३०५ व्यक्तींच्या आधारे, सात पायऱ्यांची एक पट्टी सिद्ध केली. पुढे तिच्या नऊ पायऱ्या झाल्या. तीत मापन नाही, वर्णन आहे. पहिल्या पायरीवर नित्य व्यायाम करणारा ठणठणीत वृद्ध. चौथीवर परावलंबी नसला तरी मंदावलेला. पाचवीवर पैशांचे व्यवहार, प्रवास, औषधे, जड घरकाम यांसाठी दुसऱ्याची मदत घेणारा. सहावीवर स्नानालाही मदत लागणारा. सातवीवर सर्वस्वी परस्वाधीन. आठवीवर किरकोळ दुखण्यातूनही उठण्याची आशा नसलेला. नववी पायरी निराळी आहे: एरवी क्षीण नसलेला, परंतु असाध्य रोगाने सहा महिन्यांच्या आत जाणारा रुग्ण तेथे ठेवला आहे. साधी माणसे एकमेकांना आपल्या म्हाताऱ्यांविषयी जे सांगतात, तेच येथे पायऱ्यांवर मांडले आहे. या पट्टीचा प्रसार इतक्या वेगाने झाला त्याचे कारण हेच असावे.

अतिदक्षता विभागात ती किती उपयोगी पडते हे लवकरच तपासले गेले. कॅनडाच्या अल्बर्टा प्रांतातील सहा रुग्णालयांत पन्नाशीपुढील ४२१ अत्यवस्थ रुग्णांचा अभ्यास २०१४ साली प्रसिद्ध झाला. त्यांत सुमारे एक तृतीयांश क्षीण होते. रुग्णालयात मृत्यू पावलेल्यांचे प्रमाण क्षीण रुग्णांत ३२ टक्के, इतरांत १६ टक्के. २०१७ साली युरोपातील ऐंशी वर्षांवरील ५,०२१ अतिदक्षता-रुग्णांचा अहवाल आला आणि क्षीणता हे मृत्यूचे स्वतंत्र सूचक आहे हे त्यातही दिसून आले. हे सर्व शांततेच्या काळातील संशोधन होते. खाटा पुरेशा होत्या, आणि पट्टीचा उपयोग रुग्णाच्या कुटुंबाशी मोकळेपणाने बोलण्यासाठी करावयाचा, असा सर्वसाधारण सूर होता.

२०२० च्या वसंतात तो सूर बदलला. उत्तर इटलीत खाटा अपुऱ्या पडू लागताच तेथील भूलतज्ज्ञ व अतिदक्षता-वैद्यांच्या संघटनेने ६ मार्च रोजी जाहीर केलेल्या शिफारशींत, प्रवेशासाठी वयाची मर्यादा घालण्याची वेळ येऊ शकेल असे स्पष्ट शब्दांत म्हटले. वर्षांचा आकडा हा निदान सर्वांना समान लागू होणारा असतो, हा त्याचा एकमेव गुण. त्या आकड्यांचा स्वतःचा इतिहास पाहिला तर मात्र त्यांच्यावरील विश्वास डळमळतो. पासष्ट हे वय जर्मनीच्या निवृत्तिवेतनाच्या कायद्यात आले ते १९१६ साली. १८८९ च्या मूळ कायद्यात ते सत्तर होते. वार्धक्याच्या या सीमारेषा खजिन्याच्या सोयीने आखलेल्या आहेत, शरीराच्या अभ्यासाने नव्हेत.

इंग्लंडने दुसरी वाट धरली. आरोग्यसेवेला मार्गदर्शन करणाऱ्या 'नाइस' या संस्थेने २० मार्च २०२० रोजी काढलेल्या सूचनांत, रुग्णालयात येणाऱ्या प्रत्येक प्रौढाची, त्याचे वय काहीही असो, रॉकवुड यांच्या पट्टीने परीक्षा करावी आणि पाचवी किंवा त्यावरील पायरी असेल तर अतिदक्षता योग्य ठरेल की नाही याचा विचार करावा असे सांगितले. वयाच्या आकड्याऐवजी स्थितीचे वर्णन आले, ही प्रगतीच. परंतु पाच दिवसांत तिची दुसरी बाजू पुढे आली. जन्मापासून बौद्धिक किंवा शारीरिक अपंगत्व असलेला तीस वर्षांचा माणूस स्नानासाठी दुसऱ्यावर अवलंबून असतो. पट्टीवरील शब्द अक्षरशः लावले तर तो सहाव्या-सातव्या पायरीवर जातो. वस्तुतः त्याच्यात क्षीण झालेले काहीच नाही. तो आहे तसाच आहे. अपंगांच्या संघटनांनी जोराचा आक्षेप घेतला आणि २५ मार्च रोजी सूचना दुरुस्त झाल्या: पासष्टीखालील व्यक्तींना, तसेच मेंदूचा पक्षाघात, बौद्धिक अपंगत्व, स्वमग्नता यांसारख्या दीर्घकालीन स्थिर अवस्था असलेल्यांना, ही पट्टी लावू नये. पट्टी मुळात वृद्धांसाठी केलेली होती आणि वृद्धांवरच पारखलेली होती. ती सरसकट लावण्याची कल्पना तिच्या कर्त्यांची नव्हती. चूक मापाची म्हणण्यापेक्षा भाषांतराची म्हणावी लागेल. 'पूर्वी करीत असे, आता करवत नाही' असा क्रम ज्या शब्दांत गृहीत होता, ते शब्द क्रम वगळून वाचले गेले.

पुढे आकडे आले. सत्तर व त्याहून अधिक वयाच्या, कोविडमुळे अतिदक्षता विभागात दाखल झालेल्या १,३४६ रुग्णांचा, २८ देशांतील १३८ विभागांतून गोळा केलेला अभ्यास २०२१ साली प्रसिद्ध झाला. त्यांचे मध्यक वय ७५ होते. २१ टक्के क्षीण, म्हणजे पाचव्या पायरीपासून पुढचे. तीस दिवसांनंतर हयात असलेल्यांचे प्रमाण एकूण ५९ टक्के होते. धडधाकट वर्गात ते ६६, चौथ्या पायरीवरील रुग्णांत ५३ आणि क्षीण वर्गात ४१ टक्के भरले. वय, आजाराची तीव्रता, सहव्याधी, उपचारांवर घातलेल्या मर्यादा या सर्वांचा हिशेब वेगळा काढल्यावरही क्षीणतेचा परिणाम शिल्लक राहिला. याहून बोलकी बाब अशी की, क्षीण रुग्णांत निरनिराळ्या वयोगटांच्या जगण्यात फरक आढळला नाही. एकदा माणूस थकला की तो बहात्तरचा आहे की ब्याऐंशीचा, याने निकाल बदलत नव्हता.

असे का व्हावे? अंथरुणावर पडलेल्या अत्यवस्थ माणसाचे स्नायू ज्या वेगाने झिजतात तो विस्मयकारक आहे. २०१३ च्या एका ब्रिटिश अभ्यासात पहिल्या दहा दिवसांतच मांडीच्या पुढील स्नायूचे क्षेत्रफळ सरासरी सुमारे १८ टक्क्यांनी घटलेले आढळले. श्वसनयंत्रावर असताना श्वासपटलही दुबळे होते. ज्याच्यापाशी शिल्लक आहे त्याला ही घट परवडते. ज्याने ती आधीच खर्चून टाकली आहे त्याला यंत्रापासून सुटून स्वतःच्या बळावर श्वास घेण्याइतके स्नायूच उरत नाहीत. त्यातच वृद्ध शरीराची रोगप्रतिकारशक्ती मंद आणि दाह मात्र दीर्घकाळ रेंगाळणारा. वाताची भ्रमिष्टावस्था तर क्षीण रुग्णात नेहमीचीच. विषाणू एक निमित्त. त्याने मागितलेली किंमत चुकविण्याची ऐपत आजारापूर्वीच ठरलेली असते.

तथापि ४१ टक्के या आकड्याकडे दुसऱ्या बाजूनेही पाहिले पाहिजे. शंभरांपैकी एकेचाळीस क्षीण वृद्ध महिनाअखेर जिवंत होते. 'पाचवी पायरी म्हणजे आशा नाही' असा पट्टीचा अर्थ कोणी लावला असता, तर त्याने या एकेचाळीस जणांना दारातूनच परत पाठविले असते. दुसरी गोष्ट अधिक सूक्ष्म आहे. याच अभ्यासात क्षीण रुग्णांना श्वसनयंत्र कमी वेळा लावले गेले आणि त्यांच्या उपचारांवर मर्यादाही अधिक वेळा घातल्या गेल्या. संशोधकांनी गणिताने हा परिणाम वेगळा काढला हे खरे. पण जेथे वैद्य स्वतः क्षीणतेची पायरी पाहून उपचार थांबवितो, तेथे ती पायरी किती अंशी भाकीत आहे आणि किती अंशी कारण, याची संपूर्ण फोड गणिताला करता येईल असे वाटत नाही. वॉरेनबाईंच्या ७१४ रुग्णांतही अंथरुणावर राहिलेल्यांचे प्रमाण मोठेच होते. कारण त्यांना कोणी उठविलेले नव्हते. याउलट, जगण्याची आशा नसताना नळ्यांच्या जंजाळात आठवडे काढावयास लावणे ही दया नव्हे, हेही तितकेच खरे आहे. क्षीणतेची चौकशी त्यासाठीही आवश्यक असते. इटलीतील एका व ब्रिटनमधील दहा रुग्णालयांतल्या १,५६४ कोविड-रुग्णांच्या २०२० च्या अभ्यासात निम्मे रुग्ण क्षीण निघाले. इतक्या लोकांना एकाच नियमाने आत किंवा बाहेर करता येत नाही.

स्वतः रॉकवुड यांच्या गटाने २०२० साली पट्टीतील काही शब्द बदलले. चौथ्या पायरीचे पूर्वीचे नाव 'धोक्यास पात्र' अशा अर्थाचे होते, ते 'अत्यल्प क्षीणतेसह जगणारा' असे झाले. पुढच्या पायऱ्यांनाही 'क्षीणतेसह जगणारा' हेच रूप मिळाले. विशेषणाच्या जागी अवस्था आली, माणूस आणि त्याची क्षीणता यांत एका शब्दयोगाचे अंतर पडले. वैद्यकाच्या वाचकाला ही दुरुस्ती किरकोळ वाटेल, भाषेच्या अभ्यासकाला वाटणार नाही.

मराठीभाषक प्रदेशात ही पट्टी वापरावयाची तर अडचण नेमकी येथेच आहे. अत्यवस्थ रुग्ण स्वतः बोलू शकत नाही. त्याच्या पंधरा दिवसांपूर्वीच्या स्थितीविषयी मुलगा किंवा सून सांगते, आणि साथीच्या काळात तर हे संभाषण दूरध्वनीवरूनच होई. "आई बँकेचे काही पाहत होत्या का?" या प्रश्नाला "नाही" असे उत्तर येते आणि पाचवी पायरी लिहिली जाण्याचा संभव असतो. परंतु त्या पिढीतील कित्येक स्त्रियांनी बँकेची पायरी कधी चढलेलीच नसते. आणि कित्येक पुरुषांनी आयुष्यात स्वतःचा चहा केलेला नसतो. एकत्र कुटुंबात सासऱ्यांची औषधे सून काढून देते ती त्यांना काढता येत नाहीत म्हणून नव्हे. तशी रीत आहे म्हणून. न करणे आणि न करवणे यांतील फरक दाखविण्यासाठी इंग्रजीला सहायक क्रियापद जोडावे लागते. मराठीपाशी तो क्रियापदाच्या रूपातच आहे. 'चालत नाहीत' आणि 'चालवत नाही', 'जिना चढत नाहीत' आणि 'जिना चढवत नाही' — आपल्या व्याकरणकारांनी ज्याला शक्य क्रियापद म्हटले ते हेच. त्यात कर्ता तृतीयेत किंवा चतुर्थीत जातो, 'त्यांच्याने' किंवा 'त्यांना' होतो, आणि क्रिया त्याच्या इच्छेतून निसटून त्याच्या शरीराच्या स्वाधीन होते. "त्यांना आता जिना चढवत नाही," हे वाक्य सून सहज बोलते, आणि त्यात पूर्वी चढवत होता हेही अनुस्यूत असते. २० मार्चच्या सूचनांत जो क्रम हरवला होता तो या 'आता'त आणि या रूपात शाबूत आहे. पट्टीचा मराठी पाठ सिद्ध करणाऱ्याला तिच्या प्रत्येक पायरीवरील प्रश्न याच क्रियापदाने विचारावा लागेल. आणि बँक व जड घरकाम यांऐवजी देवपूजा, अंगणातील फेरी, जिना, पाण्याची कळशी, नातवंडाला शाळेतून आणणे अशी उदाहरणे, स्त्री व पुरुष यांच्यासाठी वेगवेगळी, योजून त्यांची पारख रुग्णालयात करावी लागेल.